खेचर

आमच्या घराण्याचा आणि युद्धाचा संबंध तसा जुना आहे, पण तो नेहमी कागदावरून आलेला. पणजोबा म्हणे कुठल्याशा सरदाराच्या पदरी दाणावैरणीचा हिशेब लिहीत. मी स्वतः लष्कराच्या खरेदीशी संबंध असलेल्या एका कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. मधल्या पिढ्यांनी नुसती भाऊबंदकी केली. ती युद्धात धरायची की नाही, हे मी वाचकांवर सोडतो. चौतीस वर्षांत मी तोफ पाहिली ती सव्वीस जानेवारीला, दूरदर्शनवर. मात्र तोफेच्या चाकाला लागणाऱ्या ग्रीसच्या डब्याची फाईल मी एकट्याने सात वर्षं सांभाळली आहे. त्यामुळे २०२३ साली एका संध्याकाळी माझा भाचा घरी आला आणि पोह्यांची बशी हातात घेऊन, "मामा, मी आता डिफेन्समध्ये उतरतोय," म्हणाला, तेव्हा माझ्या कपातला चहा बशीत उतरला.

"अरे, पण तुझं वय बसतं का त्यात?" आमची ही म्हणाली. "आणि तुझा चष्मा?"

भाच्याने स्वतः उतरायचं नव्हतं. त्याचं यंत्र उतरायचं होतं. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून त्याने भोसरीला एक गाळा भाड्याने घेतला होता. गाळ्याच्या एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या बनायच्या आणि दुसऱ्या बाजूला स्टीलच्या कपाटांना रंग मारायचे. मध्ये आमचे भाचेबुवा द्राक्षबागांवर औषध फवारणारी ड्रोन बनवत. सहा पंख्यांचं, दहा लिटर औषध पोटात घेऊन उडणारं ते यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते उलटं ठेवलेल्या टीपॉयसारखं वाटलं. पण उडायचं झकास. निफाडच्या आणि तासगावच्या शेतकऱ्यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. पैसे मात्र माल निघाल्यावर देऊ म्हणाले. माल निघाला, मग भाव पडला, मग गारपीट झाली. कौतुकावर भाचा किती दिवस उडणार?

"मामा, दहा लिटर औषध उचलतं म्हणजे दहा किलो रेशन उचलेलच की!" तो म्हणाला. "डोंगरावरच्या चौक्यांना तांदूळ, केरोसीन, औषधं सगळं अजून माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून जातं. ते आपण वरून न्यायचं."

कल्पना बरी होती. पण तिच्या आड कोण कोण उभं आहे हे मला ठाऊक होतं, कारण त्यांच्यात मी चौतीस वर्षं उभा होतो.

आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण या देशात खाजगी माणसाने बंदूक-तोफेच्या धंद्याकडे नुसतं पाहिलं तरी ती आगळीक मानली जाई. शस्त्रास्त्रं आणि दारूगोळा फक्त सरकार बनवणार, असं १९४८ च्या औद्योगिक धोरणात लिहिलं, आणि विसरायला होऊ नये म्हणून १९५६ च्या धोरणात पुन्हा लिहिलं. त्याआधी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला चक्क विमानांचा कारखाना काढला होता. दोनच वर्षांत, युद्धाच्या धामधुमीत, त्याचा कारभार सरकारने हाती घेतला. पुढे हाच कारखाना एचएएल म्हणून नावारूपाला आला. म्हणजे आपल्याकडे खाजगी डोकं लष्करी कामात आधी शिरलं होतं. आपण त्याला धन्यवाद देऊन बाहेर बसवलं. इकडे खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. त्याच्या भोंग्यावर अख्ख्या खडकीने घड्याळं लावली, पण भोंगासुद्धा सरकारीच हवा, अशी आमची निष्ठा होती.

२००१ साली दार किलकिलं झालं आणि खाजगी कंपन्यांना आत यायची परवानगी मिळाली. २०१८ साली 'आयडेक्स' नावाची योजना निघाली: लष्कराने आपली अडचण सांगायची, पोरांनी तोड सुचवायची, आणि नमुना बनवायला सरकारने दीड कोटीपर्यंत अनुदान द्यायचं, तेवढेच पैसे पोरांनी आपल्याही खिशातून घालायचे. २०२१ साली तर सरकारने आपल्याच एकेचाळीस आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या करून टाकल्या. त्या दिवशी मी पेन्शनचं पासबुक दोनदा उघडून पाहिलं.

आणि कामं झालीही. मुंढव्याला ट्रकचे क्रँकशाफ्ट घडवणाऱ्या भारत फोर्जने तोफ घडवली. टाटा आणि ती मिळून तीनशे सात तोफांचं कंत्राट २०२५ च्या मार्चमध्ये झालं. मुंबईच्या आयआयटीतल्या पोरांनी २००७ साली 'आयडियाफोर्ज' काढली. 'थ्री इडियट्स' सिनेमात खिडकीबाहेर उडणारं ते यंत्र त्यांचंच. पुढे २०२१ साली लष्कराने त्यांच्याकडून ड्रोन घेतली. भाचा ही दोन उदाहरणं देवाच्या नावासारखी घ्यायचा. मी त्याला इतकंच म्हणालो, "२००७ ते २०२१. चौदा वर्षं. रामाचा वनवासही तेवढाच होता, आणि त्याला गाळ्याचं भाडं नव्हतं."

घरात खरी सभा भरली ती आक्काने तोंड उघडल्यावर. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भाच्याची आई. तिने पदराला हात पुसले आणि विचारलं, "हे वरून काय टाकणार?"

"तांदूळ, आई."

"आज तांदूळ. उद्या?"

भाचा गप्प. आक्काने चौथीच्या पुढे शाळा पाहिलेली नाही. पण हाच प्रश्न २०१८ साली अमेरिकेत गूगलच्या हजारो इंजिनीयरांनी आपल्या साहेबांना लेखी विचारला होता. ड्रोनने घेतलेल्या चित्रांतून काय काय दिसतं ते यंत्राकडून ओळखून घ्यायचं 'मेव्हन' नावाचं काम त्यांच्या कंपनीने पेंटॅगॉनकडून घेतलं होतं. पोरं म्हणाली, आम्ही लोकांना हॉटेलचा रस्ता दाखवायला इथे आलो, बाँबला नव्हे. कंपनीने ते कंत्राट पुढे चालवलं नाही, आम्ही शस्त्रं बनवणार नाही असं नियमांत लिहिलं; आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ते वाक्य गुपचूप काढून टाकलं. एवढ्या मोठ्या कंपनीला सात वर्षांत जे उत्तर टिकवता आलं नाही, ते भाच्याकडून पोह्यांबरोबर मागणं अन्यायाचं होतं.

"मला माहीत नाही, आई," शेवटी तो म्हणाला. "पण आज वर ओझं घेऊन दादा चालतोय, हे मला माहीत आहे."

दादा म्हणजे आक्काच्या दिराचा मुलगा, सातारा जिल्ह्यातल्या गावचा, हवालदार. त्याचं नाव निघाल्यावर आक्का काही बोलली नाही. आत जाऊन तिने कुंकवाचा करंडा आणला आणि त्या उलट्या टीपॉयला हळद-कुंकू लावलं. मला वाटतं, ती परवानगी नव्हती, ताकीद होती.

या मुहूर्तावर यंत्राला नावही मिळालं. आमच्या शेजारी संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक राहतात. ड्रोन कुणाच्या जागी काम करणार, हे ऐकून ते म्हणाले, "खेचराच्या जागी? अहो, मग नाव बदलायची गरजच नाही. खे म्हणजे आकाशात, चर म्हणजे फिरणारा. हाच खरा खेचर. ते चार पायांचं आजवर उगाचच नाव लावून फिरत होतं." भाच्याला हे इतकं आवडलं की त्याने दुसऱ्याच दिवशी पेटीवर मोठ्या अक्षरांत 'खेचर' रंगवून घेतलं. कपाटं रंगवणारा शेजारी होताच. या एका शब्दाने पुढे काय केलं ते यथावकाश सांगतो.

थोड्याच दिवसांत हवालदार रजेवर आला. आक्काने झुणका-भाकर केली होती. भाच्याने अंगणात यंत्र मांडलं, उडवलं, उतरवलं. हवालदाराने भाकरी संपवली, हात धुतले आणि यंत्राभोवती बैल पारखावा तशी एक फेरी मारली.

"आवाज लई करतंय," तो म्हणाला. "आन् ही बटणं. हातमोजं घालून दाबाया येतील का?"

"किती जाड हातमोजे?"

"एकावर एक दोन. वर मोजं काढलं की बोटं गेली."

भाच्याने आपली नाजूक बटणं पाहिली. ती सुईत दोरा ओवणाऱ्या माणसासाठी केलेली होती.

"आन् बॅटरी रातभर कुठं ठेवायची? थंडीत मोबाईल बी मरतोय. आमी तर सेल अंगाशी धरून झोपतो."

"आठ किलोची बॅटरी आहे, दादा."

"मग तिला अंगाशी धरणारा वेगळा जवान द्या."

अर्ध्या तासात त्याने नऊ गोष्टी सांगितल्या. भाच्याने त्या भाकरीच्या टोपल्यावर झाकलेल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून घेतल्या. रात्रीतून गाळ्यात दिवे लागले, आणि चौथ्या दिवशी मोठ्या खटक्यांचा नवा डबा तयार झाला. जवान रजेवर होता तोवरच! मी ते बघत बसलो होतो. माझ्या कचेरीत हातमोजे आणि बटण यांची गाठ पडायला आधी गरजेचं टिपण, मग त्यावर शेरा, मग समिती, मग उपसमिती आणि मग समितीतला एक साहेब बदलून गेल्यामुळे पुन्हा गरजेचं टिपण, असा रस्ता होता. इथे मध्ये फक्त झुणका होता.

मग अर्ज गेला. कुठल्या कार्यालयाकडे, ते मी सांगत नाही. मी पेन्शनर माणूस आहे. उत्तर आलं, चाचणीला या. चाचणी 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' तत्त्वावर. भाच्याने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "यात इंग्रजी काही नाही. हा आपला जुना कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. मुलगी तुम्ही घेऊन यायची, खर्च तुमचा, गाणं म्हणून दाखवायचं, चालून दाखवायचं. पसंती कळवू. कधी कळवू, ते विचारायचं नसतं."

तर २०२४ च्या मे महिन्यात आमची मुलगी राजस्थानच्या वाळूत चालून दाखवायला गेली. मोठ्या लिथियम बॅटऱ्या विमानात प्रवाशाबरोबर चालत नाहीत, म्हणून यंत्रं आणि चार पोरं टेम्पोने निघाली. उन्हात ड्रोन टिकलं, टेम्पोचा रेडिएटर टिकला नाही. नोव्हेंबरमध्ये बोलावणं आलं लडाखचं. लेहच्या उंचीला हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के विरळ असते. पंख्याने ढकलायचं कशाला? हवेला, आणि हवाच रजेवर. निफाडला दहा किलो लीलया उचलणारं आमचं खेचर तिथे सहा किलोला धापा टाकू लागलं. पोरांनी तंबूत बसून पंख्यांची लांबी वाढवली, बॅटरीला घोंगडीचा अंगरखा शिवला, आणि तिसऱ्या दिवशी ते साडेसात किलो घेऊन वर गेलं. तिथले जवान टाळ्या वाजवत होते, असं भाचा फोनवर सांगत होता. त्याचा आवाज भरून आला होता, की हवा विरळ होती, ते कळलं नाही.

त्यानंतर सुरू झाला पत्रव्यवहार. पत्र आमच्याकडून, व्यवहार तिकडून काहीच नाही. "विचाराधीन आहे" असं एकदा कळलं. मग २०२५ च्या फेब्रुवारीत चिनी सुटे भाग निघाले म्हणून चारशे ड्रोनचे करार रद्द झाल्याची बातमी आली, आणि सगळ्यांच्याच पत्रिका नव्याने तपासायला निघाल्या. चिनी भाग म्हणजे पत्रिकेतला मंगळ. तपासणी योग्यच होती. शत्रूच्या घरची किल्ली आपल्या कुलुपात कोण ठेवील? भाच्याने प्रत्येक स्क्रूचा जन्मदाखला दिला. एका मोटारीचं माहेर परदेशी निघालं, ती काढून कोईमतूरची बसवली. पण तपासणीला जितके महिने लागले तितके महिने गाळ्याचं भाडं थांबलं नाही. अकरा पोरांपैकी दोन गुणी पोरं मार्चमध्ये हिंजवडीला परत गेली. एकाला मुलगी झाली होती, दुसऱ्याचं लग्न ठरलं होतं. जाताना दोघंही रडली, आणि आता म्हणे कुठल्याशा परदेशी कंपनीसाठी कुत्र्यांचं खाणं घरपोच करण्याचं ॲप लिहितात. पगार दुप्पट. देशाचं रक्षण आणि कुत्र्याचं जेवण या दोन टेंडरांत कुत्र्याचं जेवण लवकर मंजूर होतं, एवढंच मी यातून शिकलो.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतली बातमी वाचली. तिथल्या सैन्याने मेटा, ओपनएआय, पॅलंटियर असल्या कंपन्यांतल्या चार बड्या असामींना बोलावून एका दिवसात राखीव दलात लेफ्टनंट कर्नल करून टाकलं. म्हणजे कंपनीतलं डोकं सैन्यात यावं म्हणून डोक्यावर टोपीच चढवली! हवालदाराला मी फोनवर ही बातमी सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अठरा वर्सं झाली मामा, मी हवालदार हाय."

आमच्याकडे उलटी भरती झाली. भाच्याने मला कंपनीचा सल्लागार नेमलं. पगार रोज दोन कप चहा. "मामा, ते कुठे अडवतील ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला. मी कपाटातून लाल पेन्सिल काढली, तिला टोक केलं आणि त्याच्या अर्जावर बसलो. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस हरकती काढल्या. पान सतरावर सही आहे पण तारीख नाही. वजन एका ठिकाणी किलोत, दुसऱ्या ठिकाणी 'सुमारे'. जोडपत्र 'क' जोडलेलं नाही. 'ख' दोनदा जोडलं आहे. हात जुना झाला होता, पण धार गेली नव्हती. भाचा हरकती वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "मामा," त्याने हळूच विचारलं, "यातली एक तरी हरकत ते उडतं की नाही, याबद्दल आहे का?"

नव्हती. एक्केचाळीसांत एकही नव्हती.

त्या रात्री मला झाकणवाला आठवला. १९८६ साल असेल. असाच भोसरीतून एक गृहस्थ यायचे, हातात कापडी पिशवी, पिशवीत पेट्रोलच्या कॅनचं झाकण. आमच्याकडे पुरवठा व्हायचं ते झाकण गळायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आतला आटा बदलून न गळणारं केलं होतं. माझ्या टेबलावर पाणी भरून कॅन उलटा धरून दाखवायचे. थेंब पडत नसे. मी त्यांना समजावून सांगितलं की साहेब, आमच्या नकाशाप्रमाणे जे आहे ते गळतं. तुमचं गळत नाही, म्हणजे ते नकाशाप्रमाणे नाही. कचेरीत त्या दिवशी माझ्या वाक्याला मोठा हशा मिळाला. पुढे कित्येक वर्षं मी तो किस्सा लग्नाकार्यात सांगत असे. तीन वर्षं ते येत होते. मग यायचे थांबले. त्यांनी लेथ विकली, असं कुणीतरी म्हणालं. फाईल मी नियमाप्रमाणे बंद केली.

मी वाईट माणूस होतो असं नाही. लाच घेतली नाही, फाईल हरवली नाही. सरकारचा पैसा म्हणजे चार डोळ्यांनी जपायचा, हे खरंच आहे; बोफोर्सनंतर तर सहीच्या पेनालाही घाम फुटायचा. 'हो' म्हणून अडकलेले साहेब मी पाहिले. 'नाही' म्हणून अडकलेला एकही नाही. आणि 'बघू' म्हणणारे सगळे बढती घेऊन निवृत्त झाले. पण त्या झाकणवाल्याला मी पहिल्याच महिन्यात 'नाही' म्हटलं असतं, तरी त्याने ते झाकण दूधवाल्यांना विकलं असतं. मी त्याला तीन वर्षं 'बघू' म्हटलं. भाच्याच्या गाळ्यात बसून आज कळतं, 'बघू'ला भाडं लागतं. आणि ते 'बघू' म्हणणाऱ्याला भरावं लागत नाही.

एक्केचाळीस हरकतींची उत्तरं पोरांनी एका रात्रीत लिहिली. सप्टेंबरमध्ये मोठा लखोटा आला. सगळे जमलो. आक्काने देवापुढे ठेवून मग फोडायला दिला. आतलं पत्र मी मोठ्याने वाचलं. चाचणी समाधानकारक. किंमत वाजवी. मंगळ नाही. पुढे परिच्छेद चार: "आपल्या मूळ अर्जात वस्तूचे नाव 'ड्रोन' असे असून, पेटीच्या छायाचित्रात ते 'खेचर' असे दिसते. खेचरांची खरेदी हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नसल्याने, प्रकरण जनावरांशी संबंधित विभागाकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात येत आहे."

भाचा खाली बसला. शेजारचे संस्कृत शिक्षक व्युत्पत्तीसह आपल्या घरी निघून गेले. आणि मी? खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला त्या अनोळखी कारकुनाचा अभिमान वाटला. काय नजर आहे! छायाचित्र भिंगाखाली धरून पाहिलं असेल. माझ्या टेबलावर नक्की असाच कुणी बसला आहे. दुसऱ्या क्षणी कॅन उलटा धरलेले ते गृहस्थ डोळ्यांपुढे आले, आणि अभिमान उतरला.

मी तिथेच बसून उत्तर लिहिलं. वाचणारा कोण आहे ते मला नेमकं ठाऊक होतं. त्याला पळवाट कुठे ठेवायची नाही, तेही. सही, तारीख, जोडपत्र 'क', प्रतिज्ञापत्र की सदर वस्तू गवत खात नाही. पण शेवटी, चौतीस वर्षांत कुठल्याही फाईलवर लिहिली नव्हती अशी एक ओळ हाताने लिहिली: "महोदय, 'हो' म्हणणे शक्य नसेल तर कृपया 'नाही' म्हणावे, परंतु याच महिन्यात म्हणावे." भाचा म्हणाला, मामा, हे उद्धट वाटेल. मी म्हटलं, वाटू दे. वाचताना त्याचा चहा बशीत उतरला तरी पुरे.

पत्र रजिस्टर्ड टपालाने गेलं. त्याच रात्री हवालदाराचा फोन आला. वर बर्फ पडायला लागलं होतं, आवाज तुटत होता.

"मामा, तुमचं खेचर निघालं का?"

"निघालंय, बाबा," मी म्हटलं. "पण अजून फायलीच चढतंय."